नळाच्या शेवटाला कोण?

हवामान फिरलंय, आता नगरपालिकांनी शिकावं म्हणतात. शिकतात की! तेरणेवर भागेना म्हणून धाराशिवनं पार उजनीपर्यंत पाइप टाकला. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. आणि सप्टेंबर २०२५मध्ये याच धाराशिव जिल्ह्यात, परंड्यात, माणसं पुरातून हेलिकॉप्टरनं काढावी लागली.

मी गोदीत ओझी वाहतो. वजन शेवटी कुणाच्या पाठीवर येतं, एवढंच बघतो. कुठलंही गाव घ्या. नळाच्या शेवटाला आमची वस्ती, आणि नाला फुगला की पहिलं पाणी आमच्याच घरात. हे कुठल्या आराखड्यात लिहिलंय?

महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद कागदच राहिला. २० मार्च १९२७ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा पाण्याला हात लागला. त्याच नगरपालिकेनं ऑगस्टात ठराव फिरवला! असलं शिक्षण.

तेव्हा दोस्तांनो, आपापल्या नगरपालिकेत जा. टँकरची वही मागा, नाल्याचा नकाशा मागा. कुठली गल्ली शेवटी, ती कुणाची, मोठ्यानं वाचा. देत नाहीत? रिकाम्या घागरी घेऊन पायरीवर बसा.