समान गुण, असमान प्रश्न

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या न्याय्यतेविषयी दोन पूर्वपक्ष संभवतात. पहिला असा की, पेण शहरातील विद्यार्थ्याला आणि रोह्याच्या डोंगराळ भागातील कातकरी वाडीवरच्या विद्यार्थ्याला एकाच वेळी एकच प्रश्नपत्रिका मिळते, तेव्हा पक्षपाताला जागाच नाही. दुसरा नेमका उलट: ज्या प्रश्नात वाडीवरची मुले मागे पडतात, तो पक्षपाती समजून वगळावा.

पहिल्याचे खंडन सोपे आहे. बुद्धिमत्ता चाचणीतील एखादा तर्काचा प्रश्न सरकत्या जिन्यावर रचला, तर ज्याने तो जिना पाहिलेलाच नाही त्याची तर्कशक्ती तेथे मोजलीच जात नाही. दुसरे मत करुणेतून आलेले असल्यामुळे अधिक आकर्षक आणि म्हणूनच अधिक घातक आहे. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. या काळात बुडालेले अपूर्णांक ज्या प्रश्नातून उघड होतात, तो प्रश्न आपले काम चोख करीत असतो, आणि तो वगळल्याने अन्याय दूर न होता केवळ त्याचा पुरावा नाहीसा होतो. अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे: विमा प्रतिनिधींच्या परीक्षेवरून झालेल्या दाव्यात 1984 साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने गटागटांतील यशाचा फरक कमी असलेल्या प्रश्नांना प्राधान्य देण्याची तडजोड मान्य केली, आणि 1987 मध्ये तिच्याच अध्यक्षांनी, ग्रेगरी अॅनरिग यांनी, ती चूक असल्याचे जाहीरपणे सांगितले.

सिद्धान्तपक्ष असा की, तुलना सरसकट दोन गटांची न करता समान एकूण गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांची करावी. समजा, एकाच गुणपातळीवरील शहरी 50 मुलांपैकी 40 जणांनी आणि वाडीवरच्या 50 पैकी 25 जणांनी एक प्रश्न बरोबर सोडवला. पहिल्या गटात बरोबर-चूक यांचे प्रमाण चारास एक, दुसऱ्यात एकास एक, म्हणून त्यांचे गुणोत्तर 4 येते. प्रत्येक गुणपातळीवरची अशी गुणोत्तरे भारांकित करून एकत्र केली आणि उत्तर 1 च्या आसपास आले तर प्रश्न निर्दोष, फार दूर गेले तर संशयास्पद. मँटेल आणि हेन्झेल यांनी ही रीत 1959 मध्ये रोगांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी मांडली आणि हॉलंड व थेयर यांनी 1988 मध्ये ती परीक्षांना लावली. कमी गुणांच्या मुलांत एका गटाला व जास्त गुणांच्या मुलांत दुसऱ्या गटाला झुकते माप देणारे प्रश्न मात्र या रीतीतून निसटू शकतात. त्यांच्यासाठी स्वामिनाथन व रॉजर्स यांनी 1990 मध्ये सुचवलेले लॉजिस्टिक समाश्रयण वापरावे लागते.

आकड्याने संशय घेतला म्हणजे दोष सिद्ध झाला, असे मात्र नाही. उधाणाच्या भरतीवरील प्रश्नात पेणच्या खारपट्ट्यातील मुले डोंगराकडच्या मुलांपेक्षा सरस ठरली, तर तो प्रश्न भूगोलात रास्त आणि भाषेच्या आकलनात अन्यायकारक ठरेल, कारण काय मोजायचे आहे याचा निर्णय शिक्षकांचा असतो. याउलट केवळ वाचून पक्षपात ओळखता येतो, हा तज्ज्ञांचा विश्वासही टिकत नाही. वाचनाने संशयास्पद वाटलेले प्रश्न आणि गणिताने दाखवलेले प्रश्न अनेकदा निराळे निघतात.

सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे: ज्यांच्या घरी कातकरी बोली चालते, त्यांना सबंध प्रश्नपत्रिकेचीच प्रमाण मराठी जड जात असेल, तर ज्या एकूण गुणांवरून समानता ठरवायची तेच मुळात उणे निघतात. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. एकेका प्रश्नाचा वेगळेपणा दाखवणारी रीत सर्व प्रश्नांत समान पसरलेला कल पाहू शकत नाही, आणि तेथे तोंडी परीक्षेसारखा बाहेरचा निकष हवा. पण एवढ्यावरून ती टाकून देणे म्हणजे जे दोष सापडू शकतात तेही जाणूनबुजून राहू देणे होय.

एका तालुक्यातील कातकरी परीक्षार्थींची संख्या विश्वासार्ह निष्कर्षाला अपुरी पडेल, म्हणून ही तपासणी राज्यपातळीवरच व्हावी. उत्तरपत्रिका यंत्राने तपासल्या जात असल्यामुळे प्रत्येक प्रश्नाचे प्रत्येक उत्तर नोंदवता येते. परिषद अंतरिम उत्तरसूचीवर आक्षेप मागवते, त्यातून चुकीचे उत्तर किंवा दोन बरोबर पर्याय सापडतात. त्याच टप्प्यावर, अंतिम निकालापूर्वी, संशयास्पद ठरलेले प्रश्न आदिवासी भागात शिकवणाऱ्या शिक्षकांसह बसलेल्या समितीपुढे ठेवावेत आणि तिचा निर्णय कारणांसह प्रसिद्ध करावा.