आईचे मूत्रपिंड एकदाच मिळते

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, की घरी पेढे वाटले जातात आणि समाजाच्या लेखी तो विषय संपतो. रुग्ण पन्नाशीचा असेल तर हे समाधान एक वेळ समजण्याजोगे आहे. परंतु तो पंधरा वर्षांचा असेल तर?

जिवंत दात्याचे मूत्रपिंड साधारणपणे १५ ते २० वर्षे साथ देते, मेंदूमृत दात्याचे १० ते १५ वर्षे. म्हणजे लालबागच्या चाळीतील मुलाला आईने आज मूत्रपिंड दिले, तर पस्तिशीच्या आत-बाहेर, ऐन संसाराच्या काळात, त्याला पुन्हा डायलिसिसला सामोरे जावे लागण्याचा संभव मोठा. तेव्हा आईजवळ देण्याजोगे काही उरलेले नसते. आपल्या देशात जिवंत दात्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत, तर मूत्रपिंड स्वीकारणाऱ्यांत पुरुष. मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्यांनी या विषमतेकडेही एकदा डोळे उघडून पाहावे.

मिळालेले मूत्रपिंड गमावण्याचा धोका सतरा ते चोवीस या वयात सर्वाधिक असतो, असा जगभरचा अनुभव आहे. परळच्या आचार्य दोंदे मार्गावर मुलांचे वाडिया रुग्णालय आणि के.ई.एम. ही दोन्ही आहेत. अंतर चार पावलांचे. पण बालरुग्णालयातील ओळखीच्या डॉक्टरांकडून प्रौढांच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात जाताना कित्येकांचा धागा तुटतो. त्यातच महाविद्यालय, पहिली नोकरी, स्टेरॉइडमुळे सुजलेल्या चेहऱ्याची लाज. प्रकृती ठणठणीत वाटते आणि दर बारा तासांनी घ्यावयाची टॅक्रोलिमसची गोळी चुकू लागते. शरीर मात्र परके मूत्रपिंड कधीच विसरत नाही.

येथे आप्तांची मायाही घात करते. 'प्रतिकारशक्ती वाढावी' म्हणून गुळवेलीचा काढा आग्रहाने पाजला जातो. आयुर्वेदाविषयी पूर्ण आदर बाळगूनही सांगितले पाहिजे, की या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. ती चेतवणे म्हणजे त्या मूत्रपिंडावरच हल्ला करविणे. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे पपनसही टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. वैद्य असोत वा शेजारच्या काकू, प्रत्यारोपणतज्ज्ञांना विचारल्यावाचून काहीही देऊ नये.

परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन १९६८पासूनची परंपरा सांभाळून आहे. बाहेरगावच्या रुग्णांना निवारा आणि अल्प दरात डायलिसिस हे तिचे कार्य सर्वपरिचित आहे. आता गरज आहे ती शस्त्रक्रियेनंतरच्या तरुणांच्या पालकत्वाची. गोळ्यांचा मासिक खर्च, वेळच्या वेळी रक्ततपासणी, कमी धावपळीची नोकरी, विवाहाच्या वेळी काहीही न लपविता केलेली मध्यस्थी: दादर-गिरगावातील एकेका शाखेने असा एक तरुण दत्तक घेणे अशक्य नाही.

आणि दुसऱ्या मूत्रपिंडाचे काय? १९९४च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली, तरी प्रतीक्षायादी लांबच राहिली आहे. देह अपुरा गेला तर गती मिळत नाही, ही समजूत अजून सुशिक्षित घरांतही ऐकू येते. ज्या परंपरेत दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, त्या परंपरेत ही समजूत आली कोठून, हे कीर्तनकारांनी गिरगावच्या देवळांतून विचारावे.