पडद्यावरची माती

दहावी-बारावीचे निकाल लागले की वऱ्हाडातल्या शहरांमधून ‘करिअर’च्या जाहिरातींचे फलक झळकू लागतात. अकोल्याची जठारपेठ त्याला अपवाद नाही. नोकरदार, निवृत्त शिक्षक, छोटे व्यावसायिक यांची ही वस्ती. येथल्या एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी ‘मला संगणकावर शिल्पकाम शिकायचे आहे’ असे जेव्हा म्हणते, तेव्हा वडिलांच्या कपाळावर आठी उमटते ती विषयामुळे कमी आणि खर्चामुळे अधिक. अभ्यासक्रमाचे शुल्क, पुण्या-मुंबईतले राहणे-जेवणे, महागडा संगणक, त्यावरच्या सॉफ्टवेअरचे भाडे. या सगळ्याची बेरीज केली की भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा विषय निघतो. एवढा खर्च मुळात आवश्यक आहे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. आमचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे.

डिजिटल शिल्पकला म्हणजे काय, हे आधी पाहू. पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखा एक आकार असतो. दाब ओळखणाऱ्या लेखणीने तो ओढायचा, दाबायचा, खरवडायचा, गुळगुळीत करायचा. झालेली कृती चित्रपटात किंवा खेळात वापरता येते, त्रिमितीय मुद्रणयंत्राने प्रत्यक्ष वस्तू म्हणून काढता येते, तिच्यावरून साचाही करता येतो. दागिन्यांचे नमुने, कृत्रिम दात, गणेशमूर्तींचे साचे असा तिचा विस्तार आहे. धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे सुपुत्र शिल्पकार राम सुतार यांनी घडविलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी उभा राहिला. त्याची ३० फुटी प्रतिकृती आधी हातांनी सिद्ध झाली, मग तिचे त्रिमितीय आलेखन करून संगणकाच्या साहाय्याने ती वाढविण्यात आली. हात आणि संगणक यांचा क्रम येथे लक्षात घेण्यासारखा आहे.

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे १९९९ मध्ये जगापुढे आलेले झेडब्रश. एकेकाळी ते एकदा विकत घेतले की कायमचे आपले होत असे. २०२२ पासून ते मॅक्सॉन या कंपनीकडे आहे आणि आता त्यासाठी वर्षाला सुमारे चारशे डॉलर, म्हणजे तीस हजार रुपयांहून अधिक भाडे मोजावे लागते. विद्यार्थ्यांना सवलत मिळते, तिची चौकशी जरूर करावी. परंतु पुष्कळ घरांमध्ये हा पेच फार सोप्या रीतीने सोडविला जातो. कोणी मित्र चोरटी प्रत आणून देतो आणि आई-वडील ‘सगळेच वापरतात’ म्हणून गप्प बसतात. ज्या घरात दुसऱ्याच्या शेतातले कणीस न विचारता तोडू नये असे शिकविले जाते, त्याच घरात हे घडते. चोरट्या प्रतीबरोबर संगणकात काय काय शिरते हा वेगळा विषय. तो बाजूला ठेवला तरी कलेच्या शिक्षणाचा श्रीगणेशा चोरीने का व्हावा?

आणि आता तर त्याला निमित्तही उरलेले नाही. ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर पूर्णतः विनामूल्य आहे, आणि त्याचा इतिहास मराठी माणसाला आपलासा वाटावा असा आहे. नेदरलँड्सच्या टोन रोझेंडाल यांनी ते तयार केले. २००२ मध्ये गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला आणि कंपनी बंद पडली. एक लाख युरो दिल्यास हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले करता येईल असे ठरले. जगभरच्या वापरकर्त्यांनी लोकवर्गणी काढून सात आठवड्यांत ती रक्कम उभी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्लेंडर मुक्त झाले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, त्याच जातीचा हा उद्योग. २००७ पासून ब्लेंडरमध्ये शिल्पकामाची अवजारे आहेत. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातील कलावंतांनी याच सॉफ्टवेअरवर ‘फ्लो’ हा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळविले. फुकटचे म्हणजे हलके, ही आपली समजूत आता सोडायला हरकत नाही.

खर्च उरतो तो यंत्राचा. त्यातही क्रम चुकू नये. घरात साधा संगणक असेल तर ब्राउझरमध्येच चालणाऱ्या स्कल्प्टजीएल या विनामूल्य साधनावर पहिले काही महिने निभावता येते. त्यानंतर तीन-चार हजारांची छोटी पेन टॅब्लेट घ्यावी. माऊसला दाब कळत नाही आणि दाबाशिवाय शिल्पकाम म्हणजे बोटे बांधून पोळी लाटणे. पुढे स्मृतिक्षमता, म्हणजे रॅम, निदान सोळा जीबीपर्यंत वाढवावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा हट्ट त्यानंतर. आणखी एक गोष्ट पुण्याच्या शिक्षकाला सुचणार नाही, पण अकोलेकराला सांगावी लागत नाही : एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा दुपारी लॅपटॉपकडून काम करून घेणे त्याच्यावर अन्यायच आहे. पहाटेचा अभ्यास तिथेही बरा.

इथवर पैशाचा विचार झाला. पण खरे भांडवल विकत मिळतच नाही, आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. सॉफ्टवेअरमधली बटणे महिन्याभरात पाठ होतात. डोळा तयार व्हायला वर्षे लागतात. पडद्यावरच्या मातीला वजन नसते, ती वाळत नाही, तडकत नाही, कोसळत नाही. प्रत्यक्षात काय होते ते २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर साऱ्या महाराष्ट्राने मान खाली घालून पाहिले. छत्रपतींचा पुतळा उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. तोल, सांगाडा, वाऱ्याचा मारा या गोष्टी पडद्यावर आपोआप कळत नाहीत. म्हणून संगणकाला हात लावणाऱ्या मुलाने आधी, किंवा निदान त्याच्या जोडीने, खरी माती मळावी. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या वऱ्हाडात हे सांगावे लागावे, हे खरे तर नवल आहे. काळ्या मातीचा बैल वाळला की का भेगाळतो आणि शाडूचा तितका का भेगाळत नाही, हा प्रश्न ज्याला पडला त्याचे शिल्पशिक्षण सुरू झाले.

दुसरी गोष्ट प्रमाणांची. या सॉफ्टवेअरबरोबर मिळणारे तयार मानवी सांगाडे पाश्चात्त्य मापांचे असतात. त्यावर सोंड बसविली की गणपती होत नाही. पिळदार दंडांचे आणि अरुंद कमरेचे काहीतरी तयार होते, आणि हल्ली मांडवांतून ते दिसूही लागले आहे. आपल्या शिल्पग्रंथांनी मुखाची लांबी हे माप धरून तालमान सांगितले. प्रमुख देवतांना दशताल, त्यातल्या उत्तम प्रकारात १२४ अंगुळे, गणेशाला पंचताल. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत, पडद्यावर लावून पाहण्यासाठी आहेत. एका सुट्टीत हे करून पाहिलेल्या विद्यार्थ्याला ठेंगण्या, लंबोदर मूर्तीत गोडवा कुठून येतो ते उमगेल.

पाठ्यपुस्तकही जवळच आहे. अकोल्याहून थोड्याच अंतरावर बार्शीटाकळीला हेमाडपंती बांधणीचे कालिकामंदिर आहे. तेथील शिलालेख शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६चा. एसटीचे तिकीट, एक वही, एक पेन्सिल. देवळाचा एक खांब सकाळी तिरप्या उन्हात रेखाटावा, दुपारी पुन्हा रेखाटावा, मग घरी येऊन तोच पडद्यावर घडवावा. सवड असेल त्याने लोणारला जाऊन दैत्यसूदनाचे मंदिर पाहावे. इतके करणाऱ्याला शुल्क भरून मिळणाऱ्या प्रमाणपत्राची ओढ आपोआप कमी होईल.

सासवण्याचे विनायकराव करमरकर लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवरायांचे चित्र काढीत बसले होते. ते पाहून जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांची मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्याची सोय केली. पुढे १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच हातांनी घडविला. मुलाकडे भिंत होती आणि पाहणारा डोळस मनुष्य गावात आला होता. आजच्या मुलांच्या भिंती पुष्कळ आहेत. पाहणारे कमी आहेत. पालकांना सॉफ्टवेअर समजले नाही तरी चालेल, पण महिन्याला एक पूर्ण झालेले काम दाखव, एवढे तरी त्यांनी मुलाला सांगावे, आणि ते दाखवील तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून पाहावे.

नोकरीची हमी मात्र कोणी देऊ नये, आम्हीही देत नाही. अशी कामे देणारे स्टुडिओ अकोल्यात नाहीत. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे आहेत, आणि तेथेही प्रमाणपत्रापेक्षा केलेले काम पाहिले जाते. गावात राहून उभे राहायचे तर सराफ्यातला कारागीर आणि गणपतीचा मूर्तिकार हे पहिले ग्राहक. मूर्तिकाराची धावपळ आषाढात सुरू होते, तेव्हा त्याला नवा नमुना पाहायलाही फुरसत नसते. त्याच्याकडे जायचे ते दिवाळीनंतर.