मधेच वाजवलेली टाळी

मित्रहो, मी टाळी वाजवली. गुन्हा एवढाच.

दक्षिण मुंबईतलं एक थंडगार सभागृह. तिकीट रीतसर, माझ्या पैशाचं. बीथोव्हनची सातवी सिंफनी. तिचे चार भाग. पहिला दणक्यात संपला. सभागृह गप्प. लोक तेवढ्यात खोकून घेतात. मीही गप्प. मग दुसरा भाग. एक लांब, दोन आखूड, दोन लांब. हा ठेका खालच्या जाड तारांवर सुरू झाला आणि चढतच गेला. माझा बाप मयतापुढं हलगी वाजवत चालायचा, ते सगळं अंगात जागं झालं. भाग संपला नि हात आपोआप वाजले. एकट्याचेच.

माना वळल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मध्ये वाजवायची नसते हो." ती नजर मी ओळखतो. पाणवठ्यावरची आहे, अत्तर लावून आलेली.

आता ऐका. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात ही सिंफनी पहिल्यांदा वाजली, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी. हाच दुसरा भाग लोकांनी तिथल्या तिथं पुन्हा वाजवायला लावला. समोर बीथोव्हन स्वतः उभा, कानानं अधू होत चाललेला. मधे टाळी नको हा दंडक मागाहूनचा, विसाव्या शतकात पक्का झालेला. म्हणजे सोवळं नंतर आलं आणि सनातन म्हणून मिरवू लागलं. हा धंदा आपल्याला नवा आहे काय?

आणि सोवळं तरी कशाचं? त्या काळी व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या, टिंपनीवर जनावराचं कातडं. तिथं ते अभिजात. इथं हलगीचं कातडं विटाळ! बापानं पाटलाच्या लग्नात दिवसभर वाजवलं नि जेवला उकिरड्याकडंला बसून.

शांतता मलाही हवी. हळू सूर तिच्याशिवाय ऐकू येत नाहीत. पण शांतता वेगळी नि दरारा वेगळा.

माझं खरं भांडण मात्र आपल्याच पोरांशी आहे. एक कार्यकर्ता म्हणाला, "गेलासच कशाला? ते बड्यांचं संगीत. आपली हलगी बरी." हलगी माझ्या रक्तात आहे, तू शिकवू नकोस. पण बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, ते काय बड्यांत बसायला? १९२७ साली महाडला आपली माणसं नुसती तहान लागली म्हणून गेली नव्हती. राखणदाराला शिव्या जरूर द्या. पण त्याच्या रागापायी तळंच त्याच्या नावावर करून देणार असाल, तर त्याला आणखी काय पाहिजे?

पुढच्या वेळी चौघं जाऊ. सगळ्यात स्वस्त तिकीट काढू, नीट ऐकू. हात उठले तर उठले.

जय भीम.