आधी पैसे, मग प्रतीक्षा, शेवटी किल्ली

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन या शहरात जनरल मोटर्सचा कारखाना आहे. 'शेव्हरोले कॉर्व्हेट' ही अमेरिकेची सर्वांत नामांकित स्पोर्ट्स कार १९८१ पासून तेथे तयार होते. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, याच मोटारीला वाहिलेले राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालय १९९४ पासून उभे आहे. नवी कॉर्व्हेट घेणाऱ्याला आपली मोटार गावातील विक्रेत्याकडून ताब्यात घ्यायची, की या संग्रहालयात जाऊन, हे ऑर्डर देतानाच ठरविता येते. संग्रहालयाचा पर्याय निवडल्यास त्याचे वेगळे पैसे पडतात. २०२० च्या मॉडेलच्या वेळी ही रक्कम सुमारे एक हजार डॉलर होती. गंमत म्हणजे, अशा वेळी मोटार कारखान्यातून निघून जवळच्याच संग्रहालयात जाते. तरीही दूरच्या राज्यातील ग्राहकाप्रमाणे या ग्राहकालाही वाहतुकीचे १,०९५ डॉलर भरावेच लागले.

वरवर पाहता हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न आहे. मात्र, वस्तू तयार होण्याआधी पैसे मोजणे आणि ती नेमकी कोठे, कोणाकडून, कोणत्या क्षणी ताब्यात घ्यायची हे ठरविणे, हा व्यवहार आता स्पोर्ट्स कारपुरता उरलेला नाही. सदनिकेपासून मोबाइल फोनपर्यंत 'आगाऊ नोंदणी' हा शब्द शहरी ग्राहकाच्या अंगवळणी पडला आहे. त्यात कोण कोणाला उधार देतो आणि जोखीम कोणाच्या खांद्यावर राहते, हे समजून घेण्यासाठी कॉर्व्हेटचे उदाहरण बोलके ठरते.

नोंदणी म्हणजे नेमके काय?

१८ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात आठव्या पिढीच्या कॉर्व्हेटचे अनावरण झाले. इंजिन चालकाच्या पाठीमागे, मोटारीच्या मध्यभागी असलेली ही पहिलीच उत्पादित कॉर्व्हेट. इटालियन मोटारींशी बरोबरी सांगणारी ही रचना आणि सुरुवातीची किंमत मात्र ५९,९९५ डॉलर, हे समीकरण पाहून नोंदणीसाठी झुंबड उडाली. पहिल्या वर्षाचे उत्पादन जवळपास विकले गेल्याचे कंपनीने काही आठवड्यांतच जाहीर केले.

'विकले गेले' या शब्दांचा अर्थ येथे जपून घ्यायला हवा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या कायद्यांमुळे जनरल मोटर्ससारख्या, विक्रेत्यांचे जाळे असलेल्या कंपनीला ग्राहकाला थेट मोटार विकता येत नाही. त्यामुळे ग्राहकाची अनामत कंपनीकडे जात नाही, ती विक्रेत्याकडे जाते. कोणत्या विक्रेत्याला किती मोटारी मिळणार, हे प्रामुख्याने त्याच्या पूर्वीच्या विक्रीवरून ठरते. वर्षाकाठी दोन मोटारी मिळणाऱ्या विक्रेत्याकडे विसावा क्रमांक लागला, तर ती नोंदणी म्हणजे केवळ पावतीचा कागद. उलट, शेकडो मोटारी मिळणाऱ्या विक्रेत्याकडील शंभरावा क्रमांकही लवकर फळाला येऊ शकतो.

ऑर्डर कोठवर पोहोचली, हे सांगणारे आकडे जनरल मोटर्सच्या व्यवस्थेत ठरलेले आहेत. ११०० म्हणजे विक्रेत्याने ऑर्डरची प्राथमिक नोंद केली. ३००० म्हणजे कारखान्याने ती उत्पादनासाठी स्वीकारली. ३८०० म्हणजे मोटार तयार झाली, ४२०० म्हणजे रवाना झाली, ५००० म्हणजे विक्रेत्याकडे पोहोचली आणि ६००० म्हणजे ग्राहकाच्या हाती पडली. अमेरिकेतील हौशी मंडळी हे आकडे परीक्षेच्या निकालासारखे रोज तपासतात. त्यातील खरी सीमारेषा ३००० ही आहे. त्याआधीची नोंदणी ही इच्छा असते, त्यानंतरची ऑर्डर.

ती ओलांडल्यावरही सारे सुरळीत होईलच, असे नाही. १६ सप्टेंबर २०१९ रोजी जनरल मोटर्सच्या कामगारांचा संप सुरू झाला आणि तो ४० दिवस चालला. वर्षअखेरीस सुरू व्हावयाचे उत्पादन फेब्रुवारी २०२० वर गेले. ते सुरू होऊन दोन महिने होण्याआधीच, मार्चमध्ये, करोनाच्या साथीमुळे कारखाना बंद पडला आणि मेअखेरीस पुन्हा उघडला. परिणामी २०२० च्या मॉडेलच्या २०,३६८ मोटारीच बनल्या आणि अनेकांची नोंदणी पुढील वर्षाच्या मॉडेलवर ढकलली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये चक्रीवादळाने कारखान्याचे नुकसान केले आणि शंभराहून अधिक मोटारी मोडीत काढाव्या लागल्या. दरम्यान किंमतही थांबली नव्हती. २०२२ च्या मॉडेलची सुरुवातच ६२ हजार डॉलरच्या पुढे झाली. ज्यांच्या कराराच्या कागदावर किंमत लिहिलेली नव्हती, त्यांना ही वाढ सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

टंचाई आणि 'ऑन'

मराठी वाचकांच्या मागच्या पिढीला हे चित्र अपरिचित नाही. परवाना राज्याच्या काळात आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि ज्याचा क्रमांक लागला, त्याला छापील किमतीवर 'ऑन' देऊन ती स्कूटर विकत मागणारे दाराशी उभे राहत. १९८३ मध्ये मारुतीसाठी लाखाहून अधिक लोकांनी प्रत्येकी दहा हजार रुपये आगाऊ भरले आणि पहिल्या मोटारीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना देण्यात आली. तेव्हाची टंचाई सरकारी धोरणातून आलेली होती. खुल्या बाजारपेठेचा डांगोरा पिटणाऱ्या अमेरिकेत 'ऑन' कसा आला, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर वितरणाच्या रचनेत आहे. कंपनी ठरविते ती केवळ शिफारस केलेली किंमत. अखेरची किंमत ठरविण्याचा अधिकार विक्रेत्याचा. मोटारी थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिती आली की अनेक विक्रेत्यांनी छापील किमतीवर हजारो, काही वेळा हजारोंच्या पटीत डॉलर अधिक मागितले. जानेवारी २०२२ मध्ये जनरल मोटर्सचे उत्तर अमेरिका विभागाचे प्रमुख स्टीव्ह कार्लाइल यांनी विक्रेत्यांना पत्र लिहून अशा जादा आकारणीबद्दल समज दिली. त्याच वर्षी ६७० अश्वशक्तीच्या 'झेड ०६' या कॉर्व्हेटबाबत कंपनीने ग्राहकांनाही वेसण घातली. मोटार बारा महिन्यांच्या आत विकली, तर तिची काही हमी पुढील मालकाला मिळणार नाही आणि विकणाऱ्याला मागणी मोठी असलेल्या काही मोटारी पुन्हा नोंदविता येणार नाहीत, असा तो नियम होता.

फोर्डने यापुढचे पाऊल त्याआधीच टाकले होते. 'फोर्ड जीटी'च्या पहिल्या ५०० मोटारींसाठी २०१६ मध्ये साडेसहा हजारांहून अधिक अर्ज आले. कंपनीने त्यातून मालक निवडले आणि दोन वर्षे मोटार न विकण्याची अट घातली. ती मोडल्याचा आरोप ठेवून कुस्तीपटू आणि अभिनेते जॉन सीना यांच्यावर कंपनीने २०१७ मध्ये दावा लावला. २०१८ मध्ये तो तडजोडीने मिटला. पैसे मोजून घेतलेली वस्तू पूर्णपणे आपली नसते, हा धडा त्यातून मिळाला.

उधारी ग्राहकाची

नोंदणीची रक्कम ही एका अर्थी ग्राहकाने दिलेली बिनव्याजी उधारीच असते. टेस्लाच्या नव्या 'रोडस्टर'ने हे सर्वांत ठळकपणे दाखवून दिले. १६ नोव्हेंबर २०१७ रोजी या विद्युत स्पोर्ट्स कारचे अनावरण झाले. नोंदणीसाठी ५० हजार डॉलर आणि पहिल्या एक हजार खास मोटारींसाठी पूर्ण किंमत, म्हणजे अडीच लाख डॉलर, आगाऊ मागण्यात आले. मोटार २०२० मध्ये मिळेल, असे आश्वासन होते. २०२५ साल संपले, तरी एकाही ग्राहकाला ती मिळाली नव्हती. ज्याने २०१७ मध्ये पूर्ण रक्कम भरली, त्याने आठ वर्षे एका कंपनीला भांडवल पुरविले. हातात मात्र भरवशाच्या म्हशीला टोणगा!

याची छोटी आवृत्ती आपल्याकडेही घडली. २०१६ मध्ये टेस्लाच्या 'मॉडेल थ्री'साठी एक हजार डॉलर भरणाऱ्यांत भारतीयही होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कंपनीचे पहिले दालन १५ जुलै २०२५ रोजी उघडले, तेव्हा तेथे विक्रीला होती ती 'मॉडेल वाय'. जुन्या नोंदणीदारांना पैसे परत करण्याची प्रक्रिया त्याच वर्षी सुरू झाली होती. रक्कम बुडाली नाही, हे खरे; परंतु नऊ वर्षांचे व्याज कोणाच्या खात्यात गेले, हे सांगायला नको.

सदनिकेच्या बाबतीत आपल्या कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, विक्री करार नोंदविल्याशिवाय विकसकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मोटारीच्या नोंदणीत ग्राहकाचे संरक्षण मुख्यतः त्याच्या हातातील करारावरच अवलंबून असते. म्हणूनच तो कागद सही करण्याआधी वाचणे महत्त्वाचे.

किल्ली कोठे घ्यायची?

आता पुन्हा बोलिंग ग्रीनकडे. संग्रहालयात मोटार घेणाऱ्याला मानाने वागविले जाते. त्याची मोटार आत प्रदर्शनात मांडलेली असते, संग्रहालयाची खास फेरी घडविली जाते, मोटारीचे एकेक बटण समजावून देणारा माणूस सोबत असतो आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात मालक आपली मोटार दारातून बाहेर काढतो. दसऱ्याला शोरूममध्ये हार घालून, नारळ फोडून मोटार घरी आणणाऱ्या आपल्या माणसाला यातील भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

या समारंभामागे व्यवहारही आहे. मोटार ग्राहकाच्या हाती देण्याआधीची तपासणी आणि सफाई या वेळी संग्रहालयात, रोज याच मोटारी हाताळणारे लोक करतात. लांब पल्ल्याच्या ट्रकवरील चढउतार टळते. नव्या इंजिनाला पहिले ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, सांभाळून चालवावे लागते. घरापर्यंतच्या प्रवासात ते अंतर आपोआप पार पडते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. संग्रहालय ही स्वतंत्र, ना-नफा संस्था आहे. विक्रेता तो नव्हेच. कायद्याने मोटार विकतो तो गावातला डीलर. करारपत्र, कर आणि तात्पुरता नोंदणी क्रमांक ही सारी कागदपत्रे त्यानेच वेळेत पाठवायची असतात. सर्वसाधारणपणे संपूर्ण रक्कम संग्रहालयात पोहोचण्याआधीच चुकती करावी लागते. म्हणजे मोटार डोळ्यांनी पाहण्याआधी पैसे गेलेले असतात. डीलरच्या दारात ग्राहक रंगावरील ओरखडा दाखवून 'आधी हे नीट करा, मग धनादेश देतो' असे म्हणू शकतो. शेकडो मैलांवर, टाळ्यांच्या गजरात, हे म्हणणे अवघड. जुनी मोटार बदल्यात द्यायची असेल, तर तिची सोय वेगळी करावी लागते. विमा त्या क्षणापासून लागू हवा, हे तर ओघानेच आले.

युरोपातही असे पर्याय आहेत. पोर्शेची मोटार श्टुटगार्टच्या झुफेनहाउझन किंवा लाइपझिग येथील कारखान्यात घेता येते. बीएमडब्ल्यूने अमेरिकी ग्राहकांसाठी चालविलेली, मोटार जर्मनीत ताब्यात घेऊन युरोप फिरण्याची योजना मात्र २०२० मध्ये बंद झाली. समुद्रमार्गाची जोखीम किती, हे मार्च २०१९ मध्ये दिसले. 'ग्रांदे अमेरिका' हे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यापासून दूर बुडाले आणि ब्राझीलला निघालेल्या चार 'पोर्शे ९११ जीटी२ आरएस' मोटारी तळाशी गेल्या. या मॉडेलचे उत्पादन संपलेले असूनही पोर्शेने त्या ग्राहकांसाठी ते पुन्हा सुरू केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस' या जहाजाला आग लागली आणि फोक्सवागन समूहाच्या सुमारे चार हजार मोटारी गेल्या. मोटार हाती पडेपर्यंत जोखीम कोणाची, हा प्रश्न अशा वेळी पुस्तकी राहत नाही.

कागदावरची चार वाक्ये

एकूणच, नोंदणी करणाऱ्याने मोटारीची अश्वशक्ती पाठ करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात. अनामत परत मिळेल काय आणि किती दिवसांत? किंमत आजची, की मोटार बनेल त्या दिवशीची? विक्रेत्याला प्रत्यक्षात किती मोटारी मिळणार आणि त्यात आपला क्रमांक कितवा? आणि मोटार कोठे, तपासणीची कोणती संधी देऊन हाती मिळणार? पहिल्या तीन उत्तरांवर ग्राहकाचे पैसे अवलंबून असतात, चौथ्यावर त्याची शेवटची ताकद. शिल्लक रक्कम त्याच्याकडे असेपर्यंतच त्याच्या शब्दाला वजन असते.

हे सारे माहीत असूनही संग्रहालयाचा पर्याय निवडणारे चुकतात, असे मुळीच नाही. आयुष्यभर पाहिलेले स्वप्न कोणत्या दारातून बाहेर काढायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र, ती जादा किंमत सोहळ्याची आहे, संरक्षणाची नव्हे, याचे भान ठेवून ती मोजावी. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली आणि तळेगावचा तिचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. त्यामुळे आपल्याकडे कॉर्व्हेटची नोंदणी करण्याची वेळ कोणावर फारशी येणार नाही. पण पुढच्या वेळी कोणत्याही वस्तूसाठी 'आत्ताच नोंदवा' या बटणावर बोट ठेवताना, आपण ग्राहक आहोत की सावकार, एवढा विचार करायला हरकत नाही.