आराखड्याचे चित्र आणि जनतेची नजर

प्रादेशिक आराखडा प्रसिद्ध झाला की जनतेकडून हरकती व सूचना मागविल्या जातात, आणि लोकशाहीचा विधी पार पडतो. प्रत्यक्षात कचेरीच्या भिंतीवरील त्या रंगीत नकाशापुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला आपले शेत सापडत नाही. समोच्च रेषांवरून टेकडीचा उतार डोळ्यांसमोर आणणे सुशिक्षितांनाही साधत नाही. साहजिकच, ज्याला नकाशा वाचता येतो त्याचाच आवाज ऐकला जातो. आणि तो पुष्कळदा जमिनीचा गिऱ्हाईक असतो.

संगणकाने आता ही अडचण दूर करण्याचा मार्ग दाखविला आहे. नकाशातील उंचीच्या आकड्यांवरून तो डोंगरदऱ्यांचा आकार उभा करतो, त्यावर उपग्रहाचे छायाचित्र पांघरतो, आणि जमीन-वापराच्या नोंदीनुसार झाडे, शेते, इमारती मांडतो. नियोजित रस्ता झाल्यावर गाव कसे दिसेल, हे छायाचित्रासारखे समोर येते. या साधनाचे आपण स्वागतच केले पाहिजे. मात्र स्वागत करताना डोळे मिटून चालणार नाही.

अशी चित्रे प्रथम कोणासाठी निघाली? अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हंफ्री रेप्टन हा उद्यानरचनाकार जमीनदारांना लाल बांधणीची पुस्तके करून देई. चित्रावरचा कागदी पदर उचलला की ‘सुधारणे’नंतरचा देखावा दिसे. १८१६ साली त्याने स्वतःच्या घरासमोरचा देखावा असाच छापला. पहिल्या चित्रात कुंपणाशी अपंग भिकारी आहे. दुसऱ्यात सार्वजनिक जागेचा तुकडा बागेत आला आहे, आणि भिकारी दिसेनासा झाला आहे! चित्रातून काय वगळायचे हे ठरविणे, ही सत्ता आहे.

आजच्या चित्रातही हेच घडू शकते, आणि तेही कोणाचा दुष्ट हेतू नसताना. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकी अवकाशयानाने रडारने मोजलेली उंची आज फुकट मिळते. परंतु तिच्यात साधारण दर ३० मीटरांना एक आकडा असतो, आणि त्यातही काही मीटरांची चूक संभवते. गोव्यातील खाजन शेती तर भरतीच्या पातळीलगत, मातीच्या बांधांच्या व मानशीच्या दारांच्या आधाराने जगते. असा अरुंद बांध त्या आकड्यांत हरवतो, आणि चित्रात केवळ सपाट, ‘रिकामी’ जमीन उरते. कोकणातील सडा नोंदीत ‘पडीक’ असेल, तर संगणक तो उजाडच रंगवणार. पावसाळ्यात तेथे फुलणारे जीवन व मुरणारे पाणी त्याला ठाऊक नसते. नकाशातील चूक निदान कोरडी दिसते. चित्रातील चूक खरी वाटते.

गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकचळवळीच्या रेट्यामुळे २००७ साली सरकारला मागे घ्यावा लागला. नकाशावरचे रंग आणि पायाखालची जमीन यांची सांगड जागरूक नागरिकांनी घातली, म्हणूनच हे घडले. चित्राने हे काम सोपे करावे. त्याची गरज संपवू नये.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक चित्राखाली आकडेवारी कोणती व कोणत्या सालची, हे लिहिलेले असले पाहिजे. देखावा गरुडाच्या उंचीवरून नव्हे, तर गावकऱ्यांनी निवडलेल्या पाणवठ्यावरून, पायवाटेवरून दाखवावा. पावसाळा व उन्हाळा दोन्ही दिसावेत. सर्व पर्याय एकाच जागेवरून मांडावेत, आणि त्यांत प्रकल्प न करण्याचाही पर्याय असावा. चित्र ग्रामसभेपुढे ठेवून तिने सांगितलेली दुरुस्ती करणे बंधनकारक हवे.

कार्यकर्त्यांनी मात्र या मागणीची वाट पाहत बसू नये. आराखड्याची प्रत घेऊन शिवार पायी फिरावे, आणि नकाशात नसलेला प्रत्येक बांध, झरा व झोपडी गावकऱ्यांकडून नोंदवून घ्यावी. ज्यांना चित्रातून वगळले जाते त्यांनीच चित्र तपासले, तरच नियोजनाला लोकांचे नियोजन म्हणता येईल.