श्वापदाची खूण आणि मनगटावरचा काळा दोरा

वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवर गेली काही वर्षं एक ठरावीक प्रकारचे व्हिडिओ फिरतात. अमेरिकेत बनलेले, हिंदीत आवाज दिलेले. लसीतून चिप टाकली जाते, मेंदूत यंत्र बसवलं जातं, माणसाचा जीन बदलून राक्षस तयार केले जातायत, आणि हे सगळं बायबलमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, असा त्यांचा सूर. शेवटी ६६६ हा आकडा लाल अक्षरात येतो. आपले काही शिकलेले कार्यकर्तेसुद्धा हे पुढे पाठवतात, वर लिहितात, "बघा, विचार करा."

मी म्हणतो, चला, खरंच विचार करू.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेविरुद्ध नाही. आपल्याच रक्ताचे, आपल्याच गावकुसाबाहेरचे कितीतरी लोक चर्चमध्ये गेले आणि त्यांनी तिथे शाळा आणि माणूसपण शोधलं. माझं भांडण आहे ते भविष्यवाणीच्या धंद्याशी.

हा धंदा कसा चालतो? उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात चार ओळींची एक विचित्र गोष्ट आहे. देवपुत्रांनी मानवकन्यांशी संबंध केला आणि त्या काळी पृथ्वीवर नेफिलीम होते, महाकाय वीर होते. एवढंच. हे देवपुत्र कोण, यावर ज्यू आणि ख्रिस्ती विद्वान शतकानुशतकं वाद घालत आलेत. पुढे हनोखच्या नावाने एक ग्रंथ तयार झाला, त्यात या पतित देवदूतांनी माणसाला शस्त्रं घडवायला आणि जादूटोणा करायला शिकवलं असं आलं. बहुतेक चर्चनी हा ग्रंथ बायबलबाहेर ठेवला, इथिओपियाच्या चर्चने मात्र आत घेतला. म्हणजे ईश्वरी वचन कोणतं आणि कोणतं नाही, हेसुद्धा माणसांनीच ठरवलं.

आता मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात येशूच्या तोंडी वाक्य आहे की नोहाच्या दिवसांत होतं तसंच शेवटी होईल. तिथे पुढे दिलेलं स्पष्टीकरण साधं आहे: लोक खात-पीत होते, लग्नं करत होते आणि बेसावध असताना पूर आला. पण अमेरिकेतल्या थॉमस हॉर्नसारख्या लेखकांनी त्याला उत्पत्तीचा सहावा अध्याय जोडला. नोहाच्या दिवसांत नेफिलीम होते, म्हणून शेवटच्या दिवसांतही येणार, आणि ते प्रयोगशाळेतून येणार! २०१० साली त्याने पत्नीसह अख्खं पुस्तक काढलं: जनुकशास्त्र, रोबोट, नॅनो तंत्रज्ञान हे सगळं सैतानी युद्धाचं दार कसं उघडतं यावर. दानीएलच्या दुसऱ्या अध्यायात लोखंड आणि माती मिसळल्याचा उल्लेख आहे, ते झालं माणूस आणि यंत्राचं मिश्रण. प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायात लोक मरण शोधतील पण ते सापडणार नाही असं आहे, ते झालं आयुष्य वाढवण्याचं संशोधन. तेराव्या अध्यायात उजव्या हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण, ती नसेल त्याला खरेदी-विक्री बंद. ती झाली चिप.

ऐकायला चपखल वाटतं. पण हीच चपखल किल्ली आधी किती कुलपांना लावून झाली ते बघा. विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाने दानीएलचेच आकडे मोजले. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरवली. हजारो लोक येशूच्या पुनरागमनाची वाट बघत बसले, काहींनी पिकं शेतात तशीच सोडली. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचून च्युइंगमचं पाकीट विकलं गेलं, आणि काही वर्षांत बारकोड ही श्वापदाची खूण झाली. २००४ मध्ये तिथल्या औषध नियामकाने कातडीखाली बसवायच्या चिपला परवानगी दिली, मग ती खूण झाली. कोरोनात लस झाली. आता मेंदूतलं यंत्र. ओळ तीच आणि श्वापद दर पिढीला नवं. जे वाक्य कशालाही लागू पडतं ते कशाबद्दलच काही सांगत नसतं, हे समजायला एम.ए. लागत नाही.

मग या ग्रंथांत खरं काय आहे? इथे मात्र थांबून बघण्यासारखं खूप आहे.

अभ्यासक बहुतांशी मान्य करतात की दानीएलची भविष्यं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिली गेली. ग्रीक राजा अँटायोकस ज्यूंचा धर्म चिरडत होता तेव्हा. आणि प्रकटीकरण पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन साम्राज्याच्या बुटाखाली दबलेल्या छोट्या ख्रिस्ती समूहांसाठी. राजाचं नाव उघड लिहिलं तर मान जाईल, म्हणून श्वापद लिहायचं. हिब्रू अक्षरांना आकडे असतात. 'नीरो कैसर' हे नाव हिब्रूत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि त्याच नावाचा लॅटिन उच्चार धरला की बेरीज नेमकी ६१६ होते. म्हणजे तो आकडा दोन हजार वर्षांनंतरच्या चिपचा नव्हता. वाचणाऱ्यांना माहीत असलेल्या जुलमी बादशहाचा होता.

आणि खूण नसेल तर खरेदी-विक्री बंद, याला आपल्या भाषेत काय म्हणतात? बहिष्कार. साम्राज्याच्या देवाला नमस्कार करणार नाही म्हणणाऱ्याला बाजारात उभं करायचं नाही. किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद. हे आपल्याला कुणी पुस्तकातून समजावून सांगायची गरज नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली पाक्षिक काढलं त्याचं नावच 'बहिष्कृत भारत' होतं. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. सैतान उतरला म्हणून नव्हे, गावोगाव माणसंच हे करत होती म्हणून.

खुणेचंही तसंच. 'जातिनिर्मूलन' काढून पुन्हा वाचा. पेशवाईत अस्पृश्याला मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, सवर्णाला चुकून विटाळ होऊ नये म्हणून, हे बाबासाहेबांनी तिथे नोंदवलंय. मनगटावर खूण! आणि ती बांधायला कुठली चिप लागली नाही. ज्या समाजाच्या पूर्वजांच्या हातावर खरी खूण होती, त्याच समाजाच्या पोरांना आज अमेरिकेतली काल्पनिक खूण दाखवून घाबरवलं जातंय, यासारखी विटंबना नाही.

आता दुसऱ्या बाजूला वळू. कारण माणसाला 'सुधारण्याचं' तंत्रज्ञान निष्पाप आहे असं मी मुळीच म्हणणार नाही.

'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये घडवला. चांगल्या बियाण्याची माणसं वाढवा, वाईट बियाण्याची खुडून टाका. अमेरिकेत या विचाराने साठ हजारांहून अधिक लोकांची सक्तीने नसबंदी झाली: गरीब, मतिमंद ठरवलेले, काळे, मूळनिवासी. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे चार लाखांची. तेव्हा अमेरिकेतली प्रवचनपीठं काय करत होती? कॅथॉलिक चर्चने विरोध केला, १९३० मध्ये पोपने पत्रक काढलं, हे मान्य केलं पाहिजे. पण कितीतरी प्रोटेस्टंट पाद्री उत्साहाने या चळवळीत सामील होते. १९२६ मध्ये अमेरिकन युजेनिक्स सोसायटीने यावर प्रवचनस्पर्धा घेतली, बक्षिसं लावली, आणि पाद्रींनी प्रवचनं पाठवली. खऱ्या माणसांची खरी नसबंदी होत असताना ज्या पीठांवरून आशीर्वाद मिळत होते, त्याच परंपरेतले लोक आज न जन्मलेल्या नेफिलीमची भीती विकतात.

'ट्रान्सह्युमॅनिझम' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला तो ज्युलियन हक्सलेने, १९५७ च्या निबंधातून. हा हक्सले पुढे ब्रिटिश युजेनिक्स सोसायटीचा अध्यक्ष झाला. नातं लपलेलं नाही. आणि ही मंडळीही भविष्यवेत्तेच आहेत बरं का. रे कुर्झवेलने २००५ च्या पुस्तकात २०४५ साल देऊन टाकलं, तेव्हा म्हणे माणूस आणि यंत्र एकरूप होतील. मिलरला दानीएल होता, याला आलेख आहेत. दोघांकडे तारीख आहे.

सगळ्यात कहर म्हणजे पीटर थील. पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर सरकारांना विकणाऱ्या पॅलंटिर कंपनीचा सहसंस्थापक, म्हातारपण रोखण्याच्या संशोधनाला पैसा देणारा अब्जाधीश. २०२५ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस्तविरोधकावर चार व्याख्यानं दिली. बातम्यांत आलेला सूर असा की तंत्रज्ञानावर बंधनं मागणारे लोकच त्या ख्रिस्तविरोधकाची वाट तयार करतात. बघा, फिरली ना किल्ली! काल चिप बनवणारा सैतान होता, आज चिपवर कायदा मागणारा सैतान झाला. भविष्यवाणी ज्याच्या हातात, श्वापद तो ठरवणार.

आपल्याकडचे पंडित यात मागे कसे राहतील? ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईत एका रुग्णालयाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी कर्णाच्या जन्मात जनुकशास्त्र आणि गणपतीच्या डोक्यात प्लास्टिक सर्जरी शोधली. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरवांना टेस्ट ट्यूब बेबी ठरवलं. पद्धत तीच, उत्पत्तीच्या जागी महाभारत. आणि हे फक्त हास्यास्पद नाही. संघपरिवारातल्या आरोग्य भारतीचा 'गर्भविज्ञान संस्कार' २०१७ मध्ये चर्चेत आला. उत्तम संतती हवी, आईबाप बुटके-सावळे असले तरी मूल उंच आणि गोरं होईल, असा दावा त्यात होता. उंच, गोरं. कुणाच्या तुलनेत उत्तम, हे विचारायलाच नको.

बाबासाहेबांनी या बियाण्याच्या सिद्धांताची चिरफाड १९३६ मध्येच केली होती. जात म्हणजे वंशशुद्धीचं प्राचीन शास्त्र, असं तेव्हाचे सनातनी इंग्रजी पुस्तकांच्या आधाराने सांगत. बाबासाहेबांनी विचारलं, मग या शास्त्रातून कसली प्रजा निपजली? नऊ-दशांश लोक सैन्यभरतीला नालायक. जातीला कुठलाही जीवशास्त्रीय आधार नाही, ती वरच्यांच्या अहंकाराची व्यवस्था आहे. हा युक्तिवाद जीन-एडिटिंगच्या काळात घासूनपुसून पुन्हा हातात घ्यायला हवा.

आपल्या घरातही डोकवावं लागेल. 'बुद्धाने क्वांटम फिजिक्स आधीच सांगितलं होतं' असे संदेश आपलेच लोक फिरवतात. दीघनिकायातलं पहिलंच सुत्त वाचा. ग्रहणं, राजांचे जय-पराजय, शुभाशुभ यांची भाकितं करून पोट भरणं ही तिथे हीन विद्या म्हटली आहे. तथागत मार्गदाता आहेत, ज्योतिषी नव्हेत.

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. जीन बदलण्याचं क्रिस्पर तंत्र माणसावर उपचार म्हणून पहिल्यांदा मंजूर झालं ते कशासाठी, माहीत आहे? नेफिलीम बनवायला नाही. सिकलसेलसाठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. सिकलसेल! नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या आपल्या वस्त्यांतला, बौद्धांच्या आणि आदिवासींच्या घराघरातला आजार. हाडं फुटल्यासारख्या वेदनांनी रात्रभर तळमळणारी लेकरं मी कामाच्या निमित्ताने बघत आलोय. त्यांच्यासाठी मुळावर घाव घालणारा हा नवा इलाज निघाला, आणि अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. १८ कोटी रुपयांच्या वर. श्वापद शोधायचंच असेल तर या पावतीवर शोधा.

धोका दुसराही आहे, आणि तो इतिहासाने दाखवलाय. १९७१ मध्ये अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्षाने सिकलसेलच्या मोफत तपासण्या स्वतः सुरू केल्या, कारण काळ्यांच्या आजाराकडे सरकार बघत नव्हतं. पुढच्या वर्षी कायदा आला, निधी आला. पण अनेक राज्यांनी सक्तीची तपासणी लादली आणि फक्त वाहक असलेल्या निरोगी माणसांनाही नोकरीत, विम्यात डावललं गेलं. त्याच १९७२ मध्ये मुंबईत ब्लॅक पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. नाव आपण घेतलं, तपासणीचा तो धडा मात्र राहून गेला.

कारण आज तीच वेळ आपल्यावर आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं. तपासणी हवीच. पण तपासलं की कार्ड मिळतं, आणि लग्नाआधी कार्ड जुळवा असं सांगितलं जातं. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून समुपदेशन गरजेचं आहे. पण त्या कार्डाची पत्रिका व्हायला किती वेळ लागतो? वाहक मुलीचं स्थळ मोडतं आणि वाहक मुलाचं कुणी विचारत नाही, हे मी पाहिलंय. काळ्या दोऱ्याची जागा कागदाने घेऊ नये, हे बघायला कुठला देवदूत येणार नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तरी सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत तो नाही. किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देशी क्रिस्पर उपचारावर काम चाललंय. तो तयार होईल तेव्हा किंमत कोण ठरवणार, आणि गडचिरोलीचं पोर रांगेत कितवं असेल, हे आत्ता विचारलं तर उपयोग.

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. त्या आठवड्यात तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या किती महिन्यांच्या शिल्लक आहेत ते विचारा, तालुक्यात दिव्यांग प्रमाणपत्र किती सिकलसेल रुग्णांना मिळालं त्याचा आकडा माहिती अधिकारात मागा, आणि तपासणीचे निकाल आशाताईंच्या वहीतून गावात फुटतात का, हे घरोघरी बसून ऐका. मिळालेली माहिती मला कळवा, जिल्हावार जुळवून आपण आरोग्य संचालकांकडे नेऊ.

जय भीम.